हॉर्नबीमच्या टेपा

विल्फ्रेड ग्रीनवूडच्या माळ्यावर हॉर्नबीमच्या टेपा सापडल्या, असा त्याच्या भाचीचा फोन आला तेव्हा डोरीन बटाटे सोलत होती. सोललेले बटाटे तसेच पाण्यात टाकून ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. त्या संध्याकाळी तिने जेवण म्हणून काही केलंच नाही. म्हातारा तेव्हा खोटं बोलला होता तर! पन्नास वर्षांहून जास्त काळ तिला हा संशय होता, आणि संशय खरा निघाल्याचा आनंद काही औरच असतो. रागाचासुद्धा आनंद असतो.

हॉर्नबीम म्हणजे चार जणांचा बँड. डोरीन गायची. तिचा भाऊ नेव्हिल इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, आणि ड्रम व बास वाजवायला गिरणीतले दोघे. उत्तर इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावात पॅकहॉर्स पबच्या माडीवर दर गुरुवारी लोकगीतांचा क्लब भरे, तो विल्फ्रेड चालवायचा. त्याचे नियम पोपच्यापेक्षा कडक. गाणं आपल्याच मुलखातलं हवं, ते बापाकडून नाहीतर आजीकडून आलेलं असेल तर उत्तम, आणि वाद्य असलंच तर लाकडाचं. विजेच्या गिटारीचं नाव काढलं की तो दात दुखल्यासारखं तोंड करी. शेवटी असं ठरलं होतं की पहिल्या अर्ध्यात डोरीनने साथीशिवाय एकटीने जुनी गाणी म्हणायची, मग मध्यंतर, आणि मध्यंतरानंतर बँडने काय धिंगाणा घालायचा तो घालावा.

विल्फ्रेड आपलं टेपरेकॉर्डिंगचं धूड खांद्यावरून माडीवर चढवायचा आणि सगळं टिपून ठेवायचा. लंडनच्या एका कंपनीने हॉर्नबीमची रेकॉर्ड काढायचं कबूल केलं होतं. वसंतात जायचं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात नेव्हिल मेंदूज्वराने गेला, चार दिवसांत. रेकॉर्ड झालीच नाही. अंत्यसंस्काराच्या दिवशी डोरीनने विल्फ्रेडला विचारलं, तर तो म्हणाला, "नेव्हिलचं वाजवणं माझ्याकडे नाही गं पोरी, फक्त तुझं गाणं आहे." ती चर्चच्या दारातून तशीच निघून गेली आणि त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. त्या काळात ज्यांना धड सूर लावता येत नव्हता अशांच्याही रेकॉर्डी आज लोक पैसे मोजून घेतात, आणि नेव्हिलच्या गिटारीचा एक सूरही जगात नाही, हे तिला अजून गिळता आलं नव्हतं.

म्हणून मंगळवारी दुपारी ती विल्फ्रेडच्या बैठ्या घरात जाऊन बसली, ती टेपा ऐकायलाच. जुनी रेकॉर्डिंगं शोधून विकणारी एक छोटी कंपनी चालवणारा क्रिस्पिन नावाचा माणूस लंडनहून आपलं मशीन घेऊन आला होता. चाळिशीचा, दाढीवाला, आणि तिच्या जन्मापासूनचा सगळा इतिहास तिच्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ. विल्फ्रेड खिडकीशी खुर्चीत होता. नव्वदी उलटलेली, दोन्ही कानांत यंत्रं, मांडीवर बशी, बशीत आल्याचा केक. "आलीस होय," एवढंच तो म्हणाला. तिने मान हलवली.

पहिली टेप फिरू लागली आणि एकवीस वर्षांची डोरीन गायला लागली. क्रिस्पिनने डोळे मिटले. डोरीनने मिटले नाहीत. स्वतःचा आवाज तिला ठाऊक होता. ती मध्यंतराची वाट बघत होती. चार गाणी झाली, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, जरा कुजबुज झाली. मग त्या सगळ्या आवाजांनी एकाएकी उंदराच्या पिल्लासारखी बारीक किंकाळी फोडली, आणि शांतता. लगेच पुढच्या गुरुवारची डोरीन गायला लागली.

"नेव्हिल कुठाय?" तिने विचारलं. क्रिस्पिन म्हणाला, पुढच्या टेपवर असेल.

पुढच्या टेपवर नव्हता. तिसऱ्यावरही नाही. दर वेळी तिचं गाणं, टाळ्या, कुजबुज, किंकाळी, शांतता. क्रिस्पिन मात्र मोहोर आलेल्या आंब्यासारखा फुलत चालला होता. हे सोनं आहे म्हणे, असा निर्भेळ आवाज त्या काळातल्या कुणाचाच इतका नीट टिपलेला नाही म्हणे, दोन रेकॉर्डींचा संच काढू, मुखपृष्ठावर तुमचा फोटो. डोरीनने त्याला सरळ सांगितलं की सोनं तुझ्या घशात घाल, मला माझा भाऊ हवाय. तो ओशाळला आणि चौथी टेप लावायला वाकला. चौथीवरही तेच. विल्फ्रेड तिच्या गाण्यावर पायाने ठेका धरत केक खात होता, आणि तो ठेका बघून तिच्या डोक्यात तिडीक जात होती. पन्नास वर्षं वाट बघायची, आणि तोंडापर्यंत आलेला घास दर वेळी त्याच जागी काढून घ्यायचा! ज्या माणसाने ड्रम आणि गिटार म्हणजे पाप ठरवलं, त्याने बटणावर बोट ठेवून तिच्या भावाला जगातून पुसून टाकलं होतं, आणि तो आता केकचा चुरा वेचून खात होता.

पाचव्या टेपवरच्या किंकाळीला तिने मशीनवर हात आपटला.

"दर गुरुवारी बंद केलंस ना? दर गुरुवारी! नाही आवडत तर नाही आवडत, पण टेप फिरू दिली असती तर तुझं काय जात होतं, म्हाताऱ्या?"

विल्फ्रेडने कानातलं यंत्र नीट बसवलं. तिने पुन्हा ओरडून सांगितलं. त्याने बशी बाजूला ठेवली.

"मी कधीच बंद केलं नाही," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

पण क्रिस्पिननेच मध्ये तोंड घातलं. त्याने सांगितलं की बटण दाबून मशीन थांबवलं तर नुसतं टक वाजतं. टेप फिरत असताना वीज गेली तर ती हळूहळू मंदावत थांबते, आणि मग ती नेहमीच्या वेगाने ऐकताना आवाज असा वर चढत जातो. म्हणजे हे बटण नव्हे. कुणीतरी भिंतीतून वायर उपटली आहे, प्रत्येक वेळी.

"तेच सांगतोय," विल्फ्रेड म्हणाला. "त्या माडीवर विजेची जागा एकच होती. एक तर माझं मशीन, नाहीतर तुमच्या गिटारीचा आवाज मोठा करणारा तो खोका."

डोरीनला हे खरंच ठाऊक नव्हतं. मध्यंतरात ती खाली बारवर असायची, घसा ओला करायला. ती वर यायची तेव्हा बँड तयार उभा असायचा. दोन्ही वायरी एका जागी बसवायचा जोड बाजारात मिळत होता की, ती म्हणाली, कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? आलं होतं, विल्फ्रेड म्हणाला. एकदा लावून पाहिला तर फ्यूज उडाला आणि खाली भरल्या बारमध्ये अंधार. मालकाने दम दिला की पुन्हा असं झालं तर क्लब रस्त्यावर भरवा.

"मग तू 'नाही' का म्हणाला नाहीस? क्लब तुझा होता."

"म्हणणार होतो," विल्फ्रेड म्हणाला. "पण नेव्हिलने इतकं नीट विचारलं. मला त्या गिटारीचा आवाज सोसत नव्हता, पण पोरगा चांगला होता. वायर तोच काढायचा, स्वतःच्या हाताने."

"मला हे सांगितलं का नाहीस?"

"तू चर्चमधून तशीच निघून गेलीस. नंतर कुठे भेटलीस?"

क्रिस्पिनने कुणाला न विचारता टेप थोडी मागे घेतली आणि आवाज वाढवला. ती कुजबुज तिने आतापर्यंत कुजबुज म्हणूनच सोडून दिली होती, कारण ती गिटार ऐकायला बसली होती. टाळ्या, खुर्च्या, आणि मग मशीनच्या अगदी जवळ, भिंतीशी वाकलेल्या माणसाचा श्वास. "सॉरी हं विल्फ. आमची पाळी." आणि किंकाळी.

क्रिस्पिनने एकेका टेपचा शेवट लावला. "सॉरी विल्फ." "बाहेर बर्फ पडतोय बघ, घरी कसा जाणार तू?" "सॉरी हं, पाय काढ जरा." दर वेळी नेव्हिल हसऱ्या आवाजात वाकायचा, माफी मागायचा, आणि स्वतःला बंद करायचा. तिचं गाणं त्याने सगळंच्या सगळं राहू दिलं होतं. स्वतःचं मात्र एकदाही नाही.

न ऐकलेली शेवटची टेप तेवढी उरली होती, डिसेंबरातली. ती क्रिस्पिनने सरळ शेवटालाच लावली. तिच्यावर विल्फ्रेडचा आवाज आधी आला, तरुण आणि कुरकुरा. आज राहू दे की चालू, तो म्हणत होता, एकदा तुमचंही टिपून ठेवतो, तुम्ही वायर न लावता वाजवा. त्यावर नेव्हिल हसला.

"आमच्या डोरीनचं आलं ना नीट? मग बास. माझं काय, मी पुढच्या गुरुवारी आहेच."

मग ती किंकाळी.

विल्फ्रेड खिडकीबाहेर बघत होता. क्रिस्पिन हळूच म्हणाला की हे सगळे शेवट साफ करता येतील, किंकाळ्या काढून टाकता येतील, रेकॉर्डवर काही ऐकू येणार नाही.

"हात लावून तर बघ," डोरीन म्हणाली.

तिने मशीन स्वतःच बंद केलं. इतकी वर्षं तिने विल्फ्रेडवर राग धरला होता, आणि धरायला तो फार सोयीचा होता, चार गल्ल्या पलीकडे राहणारा. आता नेव्हिलवर तिला असा संताप आला होता, जसा लहानपणी तो शेवटचा तुकडा तिला देऊन वर हसायचा तेव्हा यायचा. त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं, आणि द्यायला तो नव्हता.