नागरिकांनी उंच जागी जावं

माझ्या वडिलांना भेटायला पन्नाशीची माणसं येतात आणि आमच्या बैठकीत बसून शाळकरी पोरांसारखी खिदळतात. त्यांना माझे पपा, गस हुडाक, नको असतात, पपांनी टीव्हीवर रंगवलेला जळमटमामा हवा असतो. आमच्या खोऱ्यातल्या छोट्याशा टीव्ही केंद्रावर शनिवारी रात्री भुताखेतांचे जुनेपुराणे सिनेमे लागायचे. मध्ये मध्ये सिनेमा थांबवून पुठ्ठ्याच्या शवपेटीतून मामा उठायचा. अंगभर गोंदात बुडवलेल्या कापडाची जळमटं आणि खांद्यावर हेलन नावाचा रबरी कोळी. हेलन हे माझ्या आईचं नाव, आणि आईने ते पपांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. सिनेमा चालू असताना लोक केंद्रात फोन करायचे. मामा स्वतः फोन घ्यायचा आणि ठेवताना खर्जात म्हणायचा, "वाईट स्वप्नं पडोत!" हेच गृहस्थ संध्याकाळी कोट-टाय घालून हवामान सांगतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अर्धी मजा तीच होती.

"मामा, तुमच्यामुळे मी लग्न होईपर्यंत दिवा लावून झोपायचो!"

"बरं, बरं," असं म्हणून पपा स्वयंपाकघरात निघून जायचे. मग मी त्या लोकांना कॉफी पाजायची, अक्रोडाच्या रोलचे काप द्यायचे आणि गोड बोलून वाटेला लावायचं. मला त्यांचा मनापासून राग यायचा. त्यांची शनिवारची रात्र हसण्यात गेली होती. आमच्या घरात ती अजून चालूच होती.

मामाचा सगळ्यात गाजलेला विनोद म्हणजे खोटी बातमी. तो सिनेमा तोडायचा, चेहरा लांब करायचा आणि हवामानवाल्या आवाजात वाचायचा, "आत्ताच हाती आलेलं वृत्त. महापौरांच्या केसांच्या टोपातून वटवाघळांचा थवा निघाला आहे. ही थट्टा नाही. नागरिकांनी ताबडतोब उंच जागी जावं." दर शनिवारी नवं संकट, आणि शेवट ठरलेला.

गावात पूर आला त्या शनिवारी रात्री डोंगरातल्या वरच्या तळ्याच्या चौकीदाराचा फोन आला तेव्हा केंद्रात पपा आणि रे नावाचा कॅमेरावाला, दोघंच होते. तोंडावरचा रंग आणि गोंद पटकन निघण्यासारखा नव्हता. पपांनी सिनेमा थांबवला आणि जळमटांसकट कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच्या आवाजात सांगितलं, "वरच्या तळ्याचा बांध फुटतोय. ही थट्टा नाही. खालच्या गल्लीतल्या नागरिकांनी ताबडतोब उंच जागी जावं." एकदा नाही, दोनदा वाचलं. खालची गल्ली पोट धरून हसली.

काही घरं निघाली, बरीचशी बसून राहिली. व्हर्ना बाबियाक ही विधवा गल्लीच्या टोकाला राहायची, तीही बसून राहिली. तिचा बारा वर्षांचा मुलगा रिची सकाळी पोर्चच्या छपरावर जिवंत सापडला. ती नंतर सापडली, रेल्वेच्या पुलाखाली.

पपांनी टीव्ही सोडला आणि पेन्शनीपर्यंत शाळेची बस चालवली. खालच्या गल्लीची फेरी कधी घेतली नाही. आमच्या घरातून कुठेही जायचं तर आम्ही टेकडीवरून वळसा घालून जायचो. का, हे आम्हाला कोणी कधी विचारलं नाही.

या वसंतात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जळमटमामाच्या आठवणींची दुपार ठरली. पपा नाहीच म्हणणार, हे मी धरून चालले होते.

"रिची बाबियाक येणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"येणार आहे म्हणतात."

"मग जाऊ."

पुढचं सगळं मला दिसायला लागलं. ऐंशी ओलांडलेला माणूस चारचौघांत त्या मुलापुढे हात जोडणार, तो काय वाट्टेल ते बोलणार आणि मी यांना उचलून घरी आणणार. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी रिचीच्या गॅरेजात गेले.

"सायलेन्सर गेलाय तुझा," रिची गाडीखालूनच म्हणाला. "चौकातून ऐकू येत होतं."

"त्यासाठी नाही आले. पपांसाठी आलेय." आणि मी सगळं एका दमात सांगून टाकलं. "त्यांना सांग, त्या रात्री तुमच्याकडची लाइट गेली होती. टीव्ही बंद होता. तुम्ही काही ऐकलंच नाही."

तो बाहेर आला आणि फडक्याने हात पुसत राहिला. "लाइट गेली नव्हती, डोरी."

"माहीत आहे मला."

"आईला हसू आवरत नव्हतं. आणि मग तिने..." तो थांबला.

"रिची, थकलेत रे ते. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे."

"मागायला आणखी काही ठेवलंयस का?" तो म्हणाला. मग त्याने फडकं खिशात कोंबलं. "बरं. सांगतो. गाडी आत घे, सायलेन्सर रस्त्याला लागायला आलाय."

त्याने पैसे घेतले नाहीत. आणि मी निर्लज्जासारखी तेही काम फुकटात करून घेतलं.

हॉलमध्ये कोबी आणि लोण्यात परतलेल्या हालुश्की नूडल्सचा वास भरला होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शहाण्याने 'नागरिकांनी उंच जागी जावं' असं छापलेले टी-शर्ट विकायला आणले होते. आमच्या गावातली म्हातारी माणसं त्याच्या टेबलाकडे न बघता पुढे जात होती. त्याला वाटलं, ही कंजूष आहेत.

पपा खुर्चीत ताठ बसले होते. रिची आला तसे ते उठायला लागले, पण रिचीनेच खाली बसून त्यांचा हात धरला.

"रिची, मला तुला एक..."

"मामा, आधी माझं ऐका," तो घाईघाईने म्हणाला. "त्या रात्री आमच्याकडची लाइट गेली होती. तुम्ही काय वाचलंत ते आम्हाला कळलंच नाही. आई झोपली होती. झोपेतच गेली."

पपा त्याच्याकडे बघत राहिले. मग दुसरा हात त्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "असं होय. बरं झालं सांगितलंस, पोरा." आणि त्यांनी आणखी एक प्लेट हालुश्की मागितल्या. मी भांडी घासायच्या खोलीत जाऊन आनंदाने रडले. आपण किती हुशार, असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

परत निघालो तेव्हा पपा म्हणाले, "खालच्या रस्त्याने घे."

मला वाटलं, सुटले एकदाचे. गल्लीच्या टोकाला त्यांनी गाडी थांबवायला लावली. बाबियाकांच्या घराच्या जागी आता गवत आहे आणि दगडी पायऱ्या उरल्यात.

"तूच पढवलंस ना त्याला?"

"काय पढवलं?"

"डोरी, व्हर्नाचा फोन आला होता त्या रात्री. बातमी वाचून झाल्यावर, सिनेमा परत लावल्यावर." ते काचेबाहेर बघत बोलत होते. "हसत होती. म्हणाली, मामा, आज कमाल केलीत. रिची खरं समजून बूट घालून दारात उभा आहे, ही थट्टा आहे म्हणून त्याला जरा सांगा."

"मग?"

"चौकीदार दारुडा होता. आधीही त्याने उगाच घाबरवलं होतं. मला वाटलं, याही वेळी तसंच असलं तर उद्या गाव आपल्यालाच हसेल. आणि ती इतकं कौतुक करत होती गं." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, पूर्वी रंग पुसायचे तसं. "मी म्हटलं, थँक्यू, बाईसाहेब. वाईट स्वप्नं पडोत. मामाच्या आवाजात म्हटलं. आणि फोन ठेवला."

मी इंजिन बंद केलं.

"रिची तिथेच उभा होता, बूट घालून. त्याला सगळं माहीत आहे. माझ्या तोंडावर कधीतरी म्हणेल म्हणून मी इतकी वर्षं वाट बघितली. आज त्याच्यापुढे कबूल करायला गेलो होतो मी."

"पपा, उद्या जाऊ आपण. मी सांगते त्याला, माझीच चूक..."

"नको. माझ्यासाठी त्याने आपल्या आईला झोपवलं, सगळ्यांसमोर. आता मी कोणत्या तोंडाने म्हणू, तू खोटं बोललास?" ते म्हणाले. "चल. घरी चल."

मी गाडी सुरू केली. रिचीने काम चोख केलं होतं. गाडीचा जरासुद्धा आवाज येत नव्हता.