गुडघ्याएवढा बांध

आमचे हे सहा वर्षं एडनच्या मिठागरात राबून आले आणि घरात पाय ठेवून आठवडा झाला नाही तर मलाच मीठ पिकवायला शिकवू लागले. मला! भाईंदरच्या खाडीवरचं आमचं आगर या सहा वर्षांत कोणी सांभाळलं? भर उन्हात वाफ्यात उभी राहून मीठ ओढलं मी, बांधावर माती चढवली मी. आगर आमच्या मालकीचं नव्हतं. मालकाचा मुकादम धर्माजी दर मोसमाला येऊन बघायचा, मीठ नीट उतरलं तरच पुढच्या वर्षी आमच्याकडे ठेवायचा. त्याला मी एकदाही बोट दाखवायला जागा दिली नव्हती.

सदुसष्ट साली इंग्रज एडन सोडून निघाले, तिथे गोळीबार सुरू झाला, तेव्हा हे परतले. रोज संध्याकाळी यांच्या गोष्टी ऐकायला ओटीवर अर्धं गाव जमायचं.

"काळे डोंगर, जळून कोळसा झालेले! गवताची काडी न्हाय. आन् गाव कुठं वसलंय? इझलेल्या आगीच्या डोंगराच्या पोटात!"

दुपार झाली की तिथले अरब हिरवा पाला गालात धरून बसतात म्हणे. सालेम नावाचा यांचा दोस्त यांना घरी नेऊन एकाच ताटात भट्टीतला मासा आणि रोटी खाऊ घालायचा. शिडं लावलेल्या पवनचक्क्या आगरात पाणी ओढायच्या, वाफ्यांत गुलाबी पक्षी उतरायचे. बायका आ वासून ऐकायच्या. मी आत चुलीपाशी धुमसत बसायचे. ऐकायला गोड वाटायचं ना, म्हणून तर जास्त राग यायचा. हा माणूस एवढं सगळं बघून आला आणि मी काय बघितलं? चिखल.

मग एक दिवस बोलण्याची गाडी आमच्या बांधावर घसरली.

"केवढा हा बांध घातलाय हिनं! तिकडं गुडघ्याएवढ्या बांधाआड डोंगराएवढं मीठ निघतं. वरची माती कापतो, तीच टाकून आत दोन वाफे वाढवतो."

"अवो, तिकडच्या दर्याला भरती चढते किती?" मी दारातून विचारलं.

"असंल कमरेएवढी."

"आन् आपली? उधाणाला दोन पुरुष!"

चार माणसांत विचारलं, तेच झोंबलं. "दर्या पार करून आलोय मी! तू मला भरती शिकवतेस?"

सासू गोदूबाई लेकाच्या बाजूला तयारच. "काळू, बाईच्या तोंडी लागू नको."

दुसऱ्या दिवशी यांनी बांध कापायला घेतला. मी आडवी गेले, तर माझ्या हातातलं फावडं हिसकून यांनी खाडीत भिरकावलं, तेही गावादेखत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, करा काय करायचं ते, मरा!

फाल्गुनातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. कापलेल्या जागेवरून आधी पाणी नुसतं ओघळलं, मग बांधच बसला आणि खाडी सरळ आत शिरली. मी मातीच्या पाट्या टाकत होते, हे टाकत होते, सासू म्हातारी हातांनी चिखल लोटत होती. कशाचं काय! मोसमभराच्या मिठाच्या राशी डोळ्यांदेखत विरघळल्या. मी बोंब मारून रडले.

सकाळी धर्माजी आला. पडलेला बांध बघितला आणि विचारलं, "हे कसं झालं?"

माझा नवरा काय बोलला ठाऊक आहे? खाली मान घालून म्हणाला, "बांध हिच्या वेळचा. कच्चा व्हता."

सासूने पदर तोंडात कोंबला.

धर्माजी ओल्या मातीत काठी रोवून उभा राहिला. "बाईच्या हातचं काम असंच व्हायचं. आता तू आलायस, तर आगर राहू दे तुझ्याकडं. पण हिला फिरकू देऊ नको. न्हायतर शेजारचा महिपत कधीचा हे आगर मागतोय."

सासूने माझा हात घट्ट दाबला. कळत होतं मला सगळं. गप्प बसले तर घरात भात शिजणार होता. आगर राहणार होतं, फक्त माझं राहणार नव्हतं.

हात सोडवून घेतला. "खोटं बोलतोय हा," मी म्हटलं. "बांध त्यानं कापला. अख्ख्या गावानं बघितलंय. इचारा कुणालाबी."

धर्माजीने यांच्याकडे बघितलं. हे खाडीकडे बघत राहिले. बांध कापणाऱ्याच्या हाती आगर कोण ठेवणार? त्याच दिवशी ते महिपतकडे गेलं.

"भवाने, एवढं तोंड आवरता आलं न्हाय?" सासू कपाळ बडवून घेत होती. "घर बुडवलंस!"

"न्हाय आवरलं," मी म्हटलं, पाटी उचलली आणि महिपतकडे मजुरी मागायला गेले.