होतं, घेऊन या

ढिम्मला ढिम्म म्हणत, कारण त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. जन्मला तेव्हाही तो रडला नव्हता. नर्सने पाठीवर थाप मारली, तर त्याने तिच्याकडे नुसतं वळून पाहिलं आणि नर्सच बिचारी सॉरी म्हणाली. असं त्याची मावशी सांगते. मावशी त्या वेळी तिथे नव्हती, पण एवढ्यावरून एखादी गोष्ट सांगायची थांबेल तर ती मावशी कसली.

ढिम्म एका कंपनीत नोकरीला होता. कुठलीही वेबसाइट उघडली की मजकुरावर एक चौकट येऊन बसते आणि परवानगी मागते, ती चौकट बनवणं हे त्याचं काम. त्यातलं 'नको'चं बटण जितकं फिकट करता येईल तितकं करायचं, ही त्याची खासियत. त्याच्या हाताखालून गेलेलं 'नको' शोधायला लोकांना चष्मा पुसावा लागे. साहेब खूश होते. ढिम्म मात्र घरी आल्यावर प्रायश्चित्त घेतल्यासारखा स्वतःची पानं बनवत बसायचा. त्यांत चौकट नाही, जाहिरात नाही, पुष्कळदा मजकूरही नाही. करड्या पार्श्वभूमीवर निळी, अधोरेखित अक्षरं आणि तळाला किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा, बस. एक पान आज गुरुवार आहे का ते सांगायचं. दुसरं पाणी प्यायची आठवण करून द्यायचं, पण आयुष्यात एकदाच. तिसऱ्या पानाचा उपयोग काय हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं, पण ते चालत होतं आणि चालणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही हे तो कंपनीत शिकला होता.

मावशी बॅगा दुरुस्त करायची. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक शिलाई मशीन, गोंदाचा वास आणि बिस्किटांच्या डब्यांत भरलेली चाकं. कुठल्या डब्यात कुठलं चाक हे फक्त तिला ठाऊक. डब्यावर लेबल लावू का, असं ढिम्मने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कशाला, मी मेल्यावर चाकं वारसांना वाटायचीत का?"

अडचण एवढीच होती की हल्ली कोणी बॅग दुरुस्त करत नव्हतं. चाक मोडलं की लोक नवी बॅग घेत. दुकानात रोज येणारा माणूस एकच, समोरचा केमिस्ट. त्याची एक भली मोठी प्रवासी बॅग होती. तिची चेन तो दर आठवड्याला बिघडवून आणायचा, आणि ती दुरुस्त होईस्तोवर गप्पा मारायचा. तो कधी प्रवासाला गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मावशीची मुलगी, म्हणजे ढिम्मची ताई, दुसऱ्या शहरात राहायची. आईने दुकान आवरावं आणि आपल्याकडे येऊन राहावं, म्हणून तिने खोली रंगवून घेतली होती, पडदे लावले होते, पडद्यांचे फोटो पाठवले होते. मावशीने पडद्यांची शिवण चांगली नाही एवढंच कळवलं. शेवटी ताई स्वतः आली.

"आई, ह्या महिनाभरात एक तरी नवं गिऱ्हाईक आलं ना, तर मी पुन्हा ह्या विषयावर तोंड उघडणार नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर शटर खाली आणि तू माझ्या गाडीत."

"ठरलं," मावशी म्हणाली.

"केमिस्टकाका धरायचे नाहीत."

केमिस्ट कोपऱ्यात बसला होता. "मी तर काही बोललोच नाही," तो म्हणाला आणि बॅग जवळ ओढून घेतली.

ताई गेल्यावर मावशी बराच वेळ डब्यातली चाकं चाळत राहिली. तिला चाक नको होतं. ढिम्मने हे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"दुकानासाठी एक पान करतो. माणूस लिहील, बॅगेला काय झालंय. पान सांगेल, दुरुस्त होतं की नाही. त्याचे नियम मला सांग."

"विचार."

"चाक तुटलंय."

"होतं."

"चेन उसवली."

"होतं."

"हँडल उपटलं, आतलं अस्तर फाटलं, आणि उंदराने तळ खाल्ला."

"एकाच बॅगेला?"

"हो."

"होतं. उंदीर आत असेल तर आधी काढून आणा म्हणावं."

ढिम्मने नियमांसाठी मोठा तक्ता आखला होता. तो अजून कोराच होता. "बॅगेवरून ट्रक गेला."

"ट्रकवाला थांबला होता का?"

"त्याने काय फरक पडतो?"

"काही नाही, आपली चौकशी केली. होतं."

"मावशी, 'होत नाही' असं काहीतरी असेल ना?"

मावशीने सुई दातांत धरून विचार केला. "हे बघ, गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही म्हणायचं नसतं. आधी हो म्हणायचं. मग वस्तू हातात घेतली की हातच सांगतात काय करायचं ते. तू आपलं 'होतं, घेऊन या' एवढं लिही. पुढचं मी बघते."

अशा रीतीने ढिम्मचा प्रोग्राम एका ओळीचा झाला. चौकटीत काय लिहिलंय हे तो वाचतच नव्हता. काहीही लिहा, 'विचारा' हे बटण दाबा, उत्तर एकच: होतं, घेऊन या. खाली दुकानाचा पत्ता आणि मावशीच्या जेवणाची वेळ. इतकं स्वच्छ काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं ढिम्मला मनापासून वाटलं. तीच ओळ त्याने तीन वेळा तपासली.

पान ठेवायला त्याने भाड्याची जागा घेतली नाही. एक जुना लॅपटॉप होता, स्क्रीनला तडा गेलेला, बॅटरी निकामी, पण आतून ठणठणीत. मावशीने तो एका सुटकेसमध्ये ठेवला. ती सुटकेस दुरुस्त होऊन किती वर्षं पडून होती, न्यायला कोणी फिरकलं नव्हतं. आत हवा लागावी म्हणून तिने जाळी शिवून दिली, वायरसाठी भोक पाडून त्याला कातड्याची किनार लावली. मावशी दुपारी जेवायला जाताना सवयीने मेन स्विच बंद करायची, त्यामुळे पानही दुपारी बंद असे. दुकान उघडलं की पान उघडणार, शटर पडलं की पान झोपणार. ढिम्मला ही त्रुटी वाटली नाही. मजकुरालाही विश्रांती लागते.

आता लोक आणायचे कुठून? मोठ्या सर्च कंपनीला हे पान सापडेपर्यंत मावशीचे नातू निवृत्त झाले असते. पण ढिम्मसारख्या लोकांचं एक छोटंसं इंटरनेट होतं. तिथे माणसं आपापली पानं हाताने बनवत, आणि पानं एकमेकांचे हात धरून फेर धरत. ह्याला ते वेबरिंग म्हणत. फेरात शिरलं की डावीकडे एक शेजारी, उजवीकडे एक शेजारी. बटण दाबत गेलं की गोल फिरून माणूस पुन्हा आपल्याच दारात. ढिम्मच्या डावीकडे एक निवृत्त बाई होत्या, त्या रोज एका ढगाचा फोटो टाकून त्याला दहापैकी गुण देत. फार कडक होत्या, आठाच्या वर कुठल्याच ढगाला गेल्या नव्हत्या. उजवीकडचा माणूस आपल्या घरातल्या जिन्याविषयी लिहायचा. जिना एकच होता, लेख पुष्कळ.

पान फेरात शिरलं आणि आकडा हलू लागला. लोक विचारू लागले. ढिम्म संध्याकाळी दुकानात येऊन मावशीला वाचून दाखवायचा.

"एकाने विचारलंय, माझ्या बॅगेचं बक्कल तुटलंय."

"होतं."

"तो दुसऱ्या खंडात राहतो."

"मग बॅग आहेच की, भरून यावं."

पहिल्या आठवड्यात आलेले सगळे असे दूरचेच. दुसऱ्या आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं की हे पान कशालाच नाही म्हणत नाही, आणि मग प्रश्नांना पाय फुटले. माझा पियानो बेसूर आहे. होतं, घेऊन या. माझ्या मांजराला माझा कंटाळा आलाय. होतं, घेऊन या. ढगवाल्या बाईंनी विचारलं, कालचा ढग मधेच फाटला. होतं, घेऊन या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ढगाला नऊ गुण दिले. दुपारी पान बंद झालं की लोक आपापल्या पानांवर लिहीत, मावशी जेवतायत, थांबा.

आकडा वर चालला होता, दार मात्र तसंच होतं. महिना संपत आला. एके दिवशी ढिम्म आला तेव्हा मावशी चाकांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. ढिम्मने त्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि स्टुलावर बसला तो कितीतरी वेळ उठला नाही. केमिस्टने त्याला न विचारता पाणी आणून दिलं.

मग ताई यायच्या दिवशी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. त्याच्या छातीशी अकॉर्डियन होतं.

"इथे होतं ना? पानावर लिहिलं होतं."

मावशीने अकॉर्डियन बघितलं. मधला भाता घडीवर चिरला होता, दाबला की दमेकऱ्यासारखा आवाज निघे. तिने बोट फिरवलं. "हे तर बॅगेचंच अस्तर. फक्त गातं. बसा." तो बसतोय तोवर मागून एक बाई आली. तिने एका धिप्पाड माणसाला दंडाला धरून आणलं होतं.

"मी विचारलं होतं," ती मावशीला म्हणाली, "नवऱ्याशी अबोला झालाय. तुम्ही होतं म्हणालात. आणलाय."

नवऱ्याने छताकडे पाहिलं. त्याला बॅग दुरुस्तीला जायचंय एवढंच खुणेने सांगितलं गेलं असावं.

ढिम्मच्या कानामागे घामाचा थेंब आला. एका ओळीचा प्रोग्राम लिहिताना हा माणूस त्याने धरला नव्हता. तो पुढे होऊन काही खुलासा करणार, तेवढ्यात मावशीने केमिस्टच्या मांडीवरची बॅग उचलली.

"बरं झालं, हात हवेच होते. ही चेन लांब आहे, एकटीला ताणता येत नाही. तुम्ही हे टोक धरा. अहो, तुम्ही ते. मी शिवत जाईन तसं एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं. मी बोलणार नाही, माझ्या तोंडात सुई आहे. तुमचं तुम्ही बघा."

मशीन सुरू झालं. चेन एकीकडे गेली, मग दुसरीकडे. कापड गोळा झालं. बाई ओठ घट्ट मिटून होती. नवरा छतातली जळमटं बघत होता. चेन वाकडी शिवली गेली. मावशीने शांतपणे उसवली आणि पुन्हा लावली. दुसऱ्यांदाही वाकडी. तिसऱ्यांदा बाई म्हणाली, "सोड जरा."

"सोडलंय की."

"हे सोडलंय? घरी पण तू असंच सोडतोस."

"आणि तू ओढतेस."

"मग तू बोल ना कधी सोडायचं ते."

"आता सोडतो. ओढ. हां. हळू."

चेन सरळ बसली. ती दोघं मात्र थांबली नाहीत. चेन संपली तरी टोकं धरून भांडत राहिली, अगदी भरभरून, मधल्या काळाची थकबाकी काढल्यासारखी. केमिस्टने आपली बॅग हळूच त्यांच्या हातांतून सोडवून घेतली. अकॉर्डियनवाला दर वाक्याला मान डोलवत होता.

हे सगळं चालू असताना ताई दारात येऊन उभी होती. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. तिने अकॉर्डियन पाहिलं, भांडण पाहिलं, केमिस्टला मोजणीतून वगळलं.

"ही सगळी नवी गिऱ्हाइकं?"

"नवी कोरी," ढिम्म म्हणाला.

"आली कशी?"

ढिम्मने फोनवर पान उघडून दिलं. ताईने चौकटीत लिहिलं: तुटलेलं चाक. होतं, घेऊन या. तिने लिहिलं: तुटलेला डोंगर. होतं, घेऊन या. तिने काहीच न लिहिता बटण दाबलं. होतं, घेऊन या.

"ढिम्म्या, हे वाचतच नाहीये."

"नाही."

"ही शुद्ध फसवणूक आहे. सगळ्याला हो म्हणून आणलेली गिऱ्हाइकं मी धरणार नाही. आई, तूच सांग, जगात एक तरी गोष्ट असेल की नाही, जी होत नाही?"

मशीन थांबलं. मावशीने तोंडातली सुई काढून उशीला टोचली. भांडणारी दोघंही वळून बघू लागली.

"आहे ना," मावशी म्हणाली. "मी तुझ्याकडे येऊन राहणं. तेवढं होत नाही, बाळा. मी प्रयत्न केला. डब्यांवर चाकांची नावंसुद्धा लिहिली. हातच नाही म्हणाले."

ताई डब्यांपाशी गेली. तिने डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग किल्ली खिशात टाकली. तिचा नियम तिनेच घातला होता आणि ती शब्दाला पक्की होती. हा गुण आईकडूनच आला होता, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

"निदान पान तरी खरं बोलू दे," ती ढिम्मला म्हणाली.

ढिम्मने तिथेच सुटकेस उघडली आणि प्रोग्रामला दुसरी ओळ जोडली. एका झटक्यात प्रोग्राम दुप्पट मोठा झाला आणि एक शब्द वाचायला शिकला. मग फोन पुन्हा ताईकडे दिला. तिने अंगठ्याने सावकाश लिहिलं, आईला घेऊन जाऊ का, आणि बटण दाबलं.

ते होत नाही, पान म्हणालं. तूच येत जा.

तळाचा आकडा एकाने वाढला. ताईने खांद्यावरची बॅग खाली ठेवली, चिठ्ठ्या एकेक करून सोलायला घेतल्या आणि विचारलं, "हे अकॉर्डियन कोण धरतंय?"

"तू धर," मावशी म्हणाली. "आणि सांगितल्याशिवाय सोडू नकोस."