दहावा माणूस

बाहेरच्या बोळात, हात धुण्याच्या कुंडाशी रेब लिपा उभा होता आणि सगळ्यांच्या टॉवेलात नाक शिंकरत होता.

आन्शेलने ते आतल्या दारातून पाहिलं. हा टॉवेल म्हणजे लाकडी दांड्यावर गोल फिरणारा लांब पट्टा. प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण त्यालाच हात पुसायचा. लिपाने पट्टा ओढून कोरडी जागा शोधली, जोरात शिंकरलं, काय निघालं ते निरखून पाहिलं आणि त्याच जागेने लाल झालेले डोळेही टिपले. मग घसा खाकरून तो कुंडात थुंकला. आन्शेलने आतलं दार ओढलं आणि कडी घातली.

जेरुसलेमच्या या जुन्या वस्तीतल्या छोट्या सिनेगॉगचा आन्शेल हा सेवेकरी. दिवे लावायचे, स्टोव्ह पेटवायचा, पुस्तकं जागेवर ठेवायची, माणसं जमवायची, यातच त्याचं आयुष्य गेलं. टॉवेलांचं काम त्याची बायको हिंदा करायची. दर शुक्रवारी ती ते सोड्यात उकळायची आणि पुरुषांच्या नावाने बोटं मोडायची. "देवाला भेटायला येतात की नाकं पुसायला?" असं ती बायकांच्या जिन्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायची.

आज हिंदाची पहिली पुण्यतिथी होती. मूलबाळ झालं नाही, तेव्हा तिच्या नावाने कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणणारा आन्शेल एकटाच. ती प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष हजर लागतात, आणि "आमेन" म्हणायला माणसं लागतात. काल संध्याकाळपासून बर्फ पडत होतं. रात्री कुणी आलं नाही, सकाळीही नाही. उताराखालच्या मोठ्या सिनेगॉगला गोवराच्या साथीमुळे कुलूप होतं. राहिली होती ती ही दुपारची प्रार्थना, सूर्य बुडायच्या आतली. त्यांच्या पंचांगात सूर्यास्तालाच दिवस संपणार आणि पुण्यतिथीही.

आन्शेलने सकाळपासून दारं ठोठावली होती. एकेक जण बर्फ तुडवत आला. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणत प्रत्येकावर एकेक शब्द ठेवायचा. आन्शेलने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नवव्या शब्दावर माणसं संपली. दहावा शब्द जिभेवर तसाच राहिला.

आणि दहावा आला तो लिपा.

लिपा बाजारात खारवलेली मासळी विकायचा; 'रेब' हा नावाआधी लावायचा नुसता मान. पिंपात कोपरापर्यंत हात घालून मासा काढायचा, बोटं चाटायचा आणि पुन्हा हात घालायचा. त्याच्या घरी तीन पोरं गोवराने फणफणली होती, हे गल्लीला ठाऊक होतं. लस म्हणजे भित्र्या लोकांचं खूळ, असं त्याचं मत. पोरांच्या अंगावर पुरळ उठल्यावर त्याने शेजारची मुलं मुद्दाम खेळायला बोलावली होती. एकदाचं होऊन जाऊ दे म्हणे. त्यांतल्या एकाचं तान्हं भावंड इस्पितळात होतं, आणि हा स्वतः खोकत, डोळ्यांतून पाणी गाळत गावभर हिंडत होता. तपकिरीची डबी सगळ्यांपुढे करायची त्याची सवयही सुटली नव्हती. आन्शेलला त्याच्याविषयी राग कमी आणि किळस जास्त वाटायची. आपल्या अंगातली घाण दुसऱ्याच्या अंगात गेली तरी ज्याला काही वाटत नाही, अशा माणसाशी भांडावं तरी काय?

गेल्या शनिवारी, शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी, इथले धर्मगुरू रब्बी तुव्हिया यांनी निर्णय दिला होता. रोग माहीत असून जो माणसांत मिसळतो तो रोदेफ, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उठलेला. त्याला अडवणं हा प्रत्येकाचा धर्म, आणि त्याची खबर सरकारी दवाखान्याला देणं ही चहाडी नव्हे. तसा कागद भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी तो लिपाने फाडला.

बाहेरून दारावर थाप पडली. "आन्शेल, कडी कशाला घातलीस?"

"तुम्हाला आत येता येणार नाही, रेब लिपा."

"मोजलंस का आधी? मी नसलो तर तुझे नऊच आहेत. खिडकीतून बघूनच आलोय मी."

आतल्या माणसांनी माना खाली घातल्या. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, त्याला दाराशी उभं करू, असं कुणीतरी पुटपुटलं. आन्शेलने वळून स्टोव्हजवळच्या बाकाकडे पाहिलं. तिथे काल्मन बसला होता, दोन कोट आणि त्यावर पांघरूण घेऊन. काल्मनला रक्ताचा कर्करोग होता. औषधांनी त्याच्या अंगात काही शिल्लक ठेवलं नव्हतं. साधी सर्दीही महागात पडेल, गोवर तर जीवच घेईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी तो आला होता, कारण तो आजारी पडल्यापासून हिंदा रोज त्याच्या दारात सुपाचं भांडं ठेवायची.

"घे त्याला आत," काल्मन म्हणाला. "मी काय, आज आहे उद्या नाही. तिचं कद्दिश चुकवू नकोस रे."

"तू गप्प बस."

"मग मी मागच्या दाराने जातो."

"गेलास की पुन्हा नऊच," आन्शेल म्हणाला.

रब्बी तुव्हिया इतका वेळ दाढी कुरवाळत होते. ते उठून खिडकीपाशी गेले. त्यांनी सांगितलं की बाहेर उभ्या माणसाने खिडकीतून तोंड दाखवलं तर तो आतल्यांत धरला जातो, असं शास्त्रात स्पष्ट आहे. काल्मन त्या टोकाला, लिपा अंगणात, मध्ये सगळी खोली आणि बाहेर मोकळी हवा. धोका अगदीच नाही असं नव्हे, पण चार पावलं मागे उभं राहायला सांगा. लिपाला मोजायचंच नाही असं नाही; अडवायचं ते त्याच्या रोगाला.

आन्शेल लगेच कामाला लागला. त्याने काल्मनला पांघरुणासकट पार कोपऱ्यात सरकवलं, खिडकी उघडली आणि हाक मारली. लिपा वळसा घालून अंगणात आला, घोट्याएवढ्या बर्फात.

"रेब लिपा, तिथेच थांबा. तुमचं तोंड दिसलं की झालं. हिंदासाठी एवढं करा. मी पाया पडतो तुमच्या."

लिपाने आधी खिडकीकडे पाहिलं, मग पायांखालच्या बर्फाकडे. "मी इथे उभा राहू? वस्तीबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यासारखा?"

"चार वाक्यं होईस्तोवर."

"माझी जागा पूर्वेच्या भिंतीला आहे. बापापासूनची. आत घेणार असशील तर येतो. नाहीतर तुझ्या बायकोचं तू बघ." त्याला खोकल्याची उबळ आली. तोंडावर हात न धरता तो पोटभर खोकला, मग तळहाताने ओठ पुसले.

आन्शेल दाराकडे गेला. कडीवर हात ठेवून उभा राहिला. सगळे बघत होते. रब्बी एवढंच म्हणाले, "नियम मी सांगितला, आन्शेल. दार तुझ्या हातात आहे." आन्शेलला हिंदा दिसत नव्हती, तिचा आवाज ऐकू येत नव्हता. टॉवेलावरचा तो ओला, पिवळट डाग तेवढा डोळ्यांसमोर होता आणि कोपऱ्यात काल्मनचे दात वाजत होते.

त्याने हात काढून घेतला आणि परत जाऊन खिडकी लावली.

लिपा जाताना फाटकाशी थांबला. चौकटीवरच्या पवित्र वचनाच्या डबीला त्याने मघाचाच ओला हात लावला आणि तो भक्तिभावाने ओठांना टेकवला. काचेतून सगळ्यांनी ते पाहिलं. कुणीतरी शी म्हणालं.

उन्हाची तिरीप समोरच्या गच्चीवरून सरकत चालली होती. नऊ जणांनी आपापली प्रार्थना मनात म्हटली. कद्दिशची वेळ आली तेव्हा आन्शेल सवयीने उभा राहिला. म्हणता तर येत नव्हतं. तो ओठ मिटून उभा राहिला, पहिली ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

कोपऱ्यातून काल्मन हलकेच म्हणाला, "आमेन."

दहा नसताना हे चालत नाही. रब्बी तुव्हियांनी टोकायला हवं होतं. ते पुस्तकाचं पान उलटत राहिले. मग दुसरा कुणीतरी आमेन म्हणाला, मग आणखी एक. आन्शेलने उरलेलंही तसंच, मुक्याने संपवलं आणि खाली बसला.

अंधार पडायच्या आत त्याने सगळ्यांना बायकांच्या जिन्याने बाहेर काढलं, काल्मनला हाताला धरून. मग एकटाच बोळात आला. दारांच्या कड्या त्याने व्हिनेगरने पुसल्या, फाटकावरची डबीही. टॉवेल काठीने उचलून पातेल्यात टाकला आणि पातेलं स्टोव्हवर चढवलं. हिंदाचा सोड्याचा डबा फळीवर होता, तळाशी थोडा सोडा अजून शिल्लक. तो त्याने सगळा ओतला. पाण्याला उकळी फुटली, पिवळट फेस वर आला. आन्शेलने नाक मुरडलं आणि हिंदा ढवळायची त्याच लाकडी दांड्याने तो ढवळत राहिला.