परसूची संध्याकाळ

मित्रांनो, असे टकमक बघू नका, ओळख करून देतो. मी एक जुना ठिपक्यांचा कागद आहे. कागद आपला म्हणायचा. खरं तर पातळ, पारदर्शक पापुद्रा. अंगभर काळे ठिपके आणि पाठीला गोंद. एकही ठिपका वाकडा नाही हो, हवं तर मोजून बघा! जन्म जपानमधल्या कारखान्यातला, पण सगळं आयुष्य गेलं बेंगळुरूत, मल्लेश्वरमच्या हेमलताबाईंकडे. त्यामुळे त्यांच्या घरातली मराठी ऐकून ऐकून पक्की झाली.

बाई सरकारी कारखान्यात इंजिनियर. सहा महिने प्रशिक्षणाला जपानला गेल्या, तेव्हा खालच्या मजल्यावर एक मांगा काढणारा राहत असे. मांगा म्हणजे तिकडची चित्रकथा. संध्याकाळी बाई त्याच्याकडे बघत बसायच्या. आधी पेन्सिलीने कच्चं चित्र, मग शाईत बुडवलेल्या टाकाने पक्क्या रेघा. शाई वाळली की खोडरबर, आणि चुरा झाडायचा पिसाने, हात लावायचा नाही. मग आमची पाळी. छापताना शाई फक्त काळी, मग करडी सावली आणायची कुठून? आमच्या ठिपक्यांतून! लांबून बघितलं की डोळ्याला ते करडे दिसतात. आम्हाला चित्रावर पसरायचं, पात्याने हवा तेवढा आकार कापायचा, खालच्या कागदाला ओरखडाही न येऊ देता. उरलेलं सोलून काढायचं आणि घासून चिकटवायचं. उजेड हवा तिथे पात्याच्या टोकाने ठिपके खरवडले की झाले ढग.

येताना बाईंनी आम्हा बारा जणांना आणलं, आपल्या लेकासाठी, निहारसाठी. दर रविवारी त्या एक पान काढायच्या. गोष्ट परसू नावाच्या कुत्र्याची. तो शहराबाहेर, आनेकलला हरवतो आणि मल्लेश्वरमचं घर शोधत चालत निघतो. बाई शिकल्या जपान्याकडून, म्हणून चौकटी उजवीकडून डावीकडे. त्यांचे यजमान दामोदरपंत डावीकडून वाचायचे आणि म्हणायचे, "अगं, तुझा कुत्रा आधी भिजतो आणि मग पाऊस येतो!" निहार हसून लोळायचा. काय दिवस होते ते!

माझे अकरा भाऊ कुठे धुरात, कुठे पावसात कामी आले. मला मात्र बाईंनी राखलं. "हा शेवटच्या पानाला. परसू संध्याकाळी घरी पोचतो ना, त्या आभाळाला." माझी छाती फुगली.

शेवटच्या पानाच्या रेघा काढून झाल्या, आणि तेरा वर्षांचा निहार मित्रांदेखत म्हणाला, "आई, हे पोरकट आहे गं. बंद कर ना."

बाई "बरं" म्हणाल्या आणि पानांची फाइल मिटली, मला आत ठेवून. परसू गल्लीच्या तोंडाशी उभा, वर आभाळ पांढरंफटक. संध्याकाळच होईना, तर बिचारा घरी कसा पोचणार? वीस वर्षं तो तिथेच ताटकळला. दर दिवाळीच्या साफसफाईत बाई मला उजेडात धरायच्या. "चांगली वस्तू आहे, राहू दे," म्हणून परत ठेवायच्या. आणि मी खूश! वेडाच मी.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, बाईंची नजर मंदावत जाणार, बारीक काम जेमतेम वर्षभर. निहार आता जे. पी. नगरला राहतो. डोळ्यांचे रिपोर्ट शोधताना त्याला आमची फाइल सापडली. तो फरशीवर बसून सगळी पानं वाचत राहिला.

"आई, परसू पोचला का गं घरी?"

"तूच थांबवलंस की रे."

"मूर्ख होतो मी. पूर्ण कर ना. तुला दिसतंय तोवर."

बाईंनी पातं घेतलं. काय कापलं हो मला, सुरेख! मला आभाळावर ठेवलं, चमच्याच्या पाठीने घासलं. मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. पण पाठीचा गोंद केव्हाच वाळून गेला होता. बाईंनी पान उचललं आणि मी घसरून फरशीवर पडलो. लाज वाटली, मित्रांनो.

"जपून जपून वाळवला मी याला," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "वेळेवर वापरायला हवा होता रे."

 निहारने मला उचलून खिडकीच्या काचेवर टेपने लावलं आणि माझ्यावर ते पान धरलं. उन्हाने माझे ठिपके पानातून दिसू लागले.

"तू सांग, मी काढतो."

"अरे, हजारो आहेत!"

"सरी," तो कानडीत 'बरं' म्हणाला, "असू देत."

तीन रविवार तो ठिपके देत होता. बाई शेजारी उभ्या. "स्वल्प, जरा हलका हात. दाबू नकोस." त्याचा एक ठिपका जाडा, दुसरा रोडका, तिसरा रेघेबाहेर पळालेला. माझा जीव वरखाली! ही काय संध्याकाळ म्हणायची? रेघेबाहेरचा ठिपका खरवडायला बाईंनी पातं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

शेवटचा ठिपका झाला. निहारने पान लांब धरलं. आभाळ करडं झालं होतं, कुठे गडद, कुठे फिकं, पण संध्याकाळ झाली होती. बाईंनी पान अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"पोचला रे बाबा एकदाचा," त्या म्हणाल्या, आणि निहारने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात ठेवणीतलं काही असेल. रंगांची पेटी, कोरी वही, कुणीतरी हौसेने आणलेलं पेन. जरूर जपा, पुसून ठेवा, पण वापरासुद्धा. परसू घरी गेला, मला आनंदच आहे. पण खरं सांगू? मला एकदा तरी चिकटायचं होतं.