मुसळावरचा चिंचोका

सरूबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे अख्ख्या खडकवाडीला ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त ठाऊक होतं ते तिच्या सुनेला, मनकर्णाला. सरूबाईचा एकुलता लेक विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, त्याला चार वर्षं झाली. त्या दिवसापासून सून पांढऱ्या पायाची ठरली. भाकरी करपली तरी पांढरा पाय, शेळी मेली तरी पांढरा पाय. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावचा आड आटला, तेव्हा तर सरूबाईला तो पाय आडाच्या तळाशीही दिसला. मनकर्णा हूं की चूं करत नव्हती. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायची आणि घरी आल्यावर घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. टँकर आधी वरच्या आळीला थांबे, मग मधल्या. शेवटी त्यांच्या बौद्धवाड्यात येईपर्यंत त्यात तळाचा गाळ उरलेला असे.

गावाबाहेर माळावर सहकारी सूतगिरणी होती. दुष्काळात कापूस नव्हता, तरी एका पाळीपुरती ती धुगधुगत होती. तिथल्या बायांच्या फाटकावर एक बाई पहारेकरी हवी होती. गिरणीच्या वर्धापनदिनाला महिलांसाठी रायफलीची चांदमारी ठेवली. पहिली येईल तिला कायमची नोकरी आणि वसाहतीत एक खोली. अट एकच, बाई नवशिकी हवी. आधी कधी नेमबाजी शिकलेली चालणार नाही. ही अट चेअरमन अर्जुनरावांनी घातली होती, गोरगरिबांच्या लेकीबाळींना संधी मिळावी म्हणून. निदान भाषणात तरी ते तसंच म्हणाले.

सरूबाईनं त्या सगळ्यातलं एकच ऐकलं. वसाहतीतल्या खोलीला नळ होता.

तिनं सुनेला दंडाला धरून पंडित हवालदाराच्या दारात नेऊन उभी केली. हवालदार वाड्यातलाच, फौजेतून पाय अधू होऊन आलेला.

"पंडितदादा, हिला बंदूक शिकव."

"बंदूक कुठाय माज्याकडं?" हवालदार हसला. "पर बंदुकीबिगर बी नेम शिकता येतो. घरातलं मुसळ आन. आन् एक चिंचोका."

पोटावर पालथं पडायचं, मुसळ खांद्याला लावायचं, टोकाच्या लोखंडी कड्यावर, वसवीवर, चिंचोका ठेवायचा. अर्धा श्वास सोडायचा, अर्धा धरायचा आणि बोट असं आवळायचं, की चिंचोका हलता कामा नये. "चिंचोका पडला की गोळी वाया गेली समज," हवालदार म्हणाला, आणि शिकवणी संपली. पुढचं सगळं मनकर्णाच्या कोपरांवर होतं.

चाळीस दिवस ती रोज खडी फोडून आली आणि अंगणात पालथी पडली. कोपरं सोलून निघाली, खांद्याला घट्टा पडला. शेजारी सरूबाई ओच्यात चिंचोके घेऊन बसे. चिंचोका पडला की एक शिवी, आणि नाही पडला तर गप्प. हळूहळू गप्प बसायची वेळ वाढत गेली. एका संध्याकाळी तर दिवेलागण होईपर्यंत चिंचोका जागचा ढळला नाही. सरूबाईला भरून आलं. असली चिवट पोर आपल्या लेकाच्या नशिबात होती, आणि तोच राहिला नाही. पण मनातलं तिनं जिभेवर येऊ दिलं नाही. सुनेला डोक्यावर चढवायचं नसतं, ही तिच्या सासूची शिकवण होती.

चांदमारीच्या आदल्या दिवशी गिरणीवर सरावाला बोलावलं होतं. मनकर्णा परत आली ती हात खळीनं माखलेले घेऊन.

"रायफल सगळ्या बायांला दिली, आत्याबाई. मला निशाण्याचे कागद चिकटवायला लावले."

"मग तोंड शिवलं हुतं का तुजं, भवाने?" सरूबाई कडाडली. त्या रात्री तिला झोप आली नाही.

चांदमारीच्या दिवशी मनकर्णानं आयुष्यात पहिल्यांदा खरी रायफल हातात घेतली. पहिल्या आवाजाला ती दचकली आणि गोळी कागदाबाहेर गेली. मग तिनं डोळे मिटून घेतले, उघडले, अर्धा श्वास सोडला. उरलेल्या चारही गोळ्या काळ्या ठिपक्यात बसल्या. अर्जुनरावांची पुतणी छबू, बीडच्या कॉलेजात शिकणारी, तिच्या पाचातल्या तीनच बसल्या होत्या. मांडवात कुजबुज झाली.

अर्जुनराव खुर्चीवरून उठून थेट सरूबाईजवळ आले. उभ्या जन्मात ते तिच्याशी बोलले नव्हते.

"सरूबाई, सुनेनं तुमच्या कमाल केली. पहिल्यांदाच धरली म्हनं बंदूक? आपल्याला तर खरं वाटंना."

इथं सरूबाईचा घात झाला. तिचा बाप जत्रेतल्या कुस्त्यांचा शौकीन. आपला पैलवान फडात फिरवायचा, तर त्याच्या जोर-बैठका मोठ्यानं सांगायच्या, तेव्हाच त्याला मोलाची जोड मिळते, हे ती पोरपणापासून बघत आलेली. मेहनत सांगितली की माणसाची किंमत वाढते, एवढंच तिला माहीत. ती पदर खोचून उठली आणि चार वर्षांचं तुंबलेलं एका दमात बाहेर आलं.

"पयल्यांदा? आवो साहेब, चाळीस दिस ही पोर कोपरं फोडून नेम धरायली. उपाशी ऱ्हायली, पर एक दिस खाडा न्हाई केला. लई गुणाची हाय माजी सून, वाघीन हाय! फौजेतल्या हवालदारानं शिकवलंय तिला."

"फौजेतल्या हवालदारानं शिकवलं?"

"तर! सगळं फौजेतल्यावानी."

अर्जुनराव हसले, सावकाश माइककडे गेले आणि मनकर्णाचं नाव बाद करून छबू पहिली आल्याचं जाहीर केलं. सासूनंच साक्ष दिली, आम्ही काय करावं, सहकार नियमावर चालतो, असं म्हणाले.

"आवो, मुसळ हुतं ते साहेब! नुसतं मुसळ!" सरूबाई ओरडली.

मांडव हसला. पुढच्या खुर्च्या हसल्या, मागं सतरंजीवर बसलेल्या बायाही हसल्या. पंडित हवालदार काठी टेकत उठला, "छबूताईला बी इचारा की, कॉलेजात दोन वर्सं काय करायल्या," म्हणाला, तर दोघांनी त्याला खांदे दाबून खाली बसवलं. छबू दोन वर्षं कॉलेजच्या छात्रसेनेत रायफल चालवत होती. पण तिची आई वत्सलाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिला गप्प बसायची अक्कल होती.

मनकर्णानं रायफल ठेवली, सासूला हाताला धरून घरी आणली आणि मुसळ कोपऱ्यात उभं केलं. दुसऱ्या दिवशी खडीवर गेली. सुनेनं एकदा तरी भांडावं, शिव्या द्याव्यात, म्हणून सरूबाईचा जीव तुटत होता. ती स्वतः तर शिवी द्यायचीच विसरली.

महिन्याभरानं दोघी सरपण घेऊन वसाहतीवरून चालल्या होत्या. छबू त्या खोलीत एक दिवसही राहिली नव्हती. दाराला कुलूप होतं, आणि बाहेरच्या नळाला पाइप लावून अर्जुनरावांचा गडी म्हैस धूत होता. पाणी वाहत रस्त्यावर आलं होतं. मनकर्णा तिथं थांबली, डोक्यावरची मोळी खाली ठेवली.

"आत्याबाई, चार वर्सांत माजं एकदा बी चांगलं बोलला न्हाईत," ती म्हणाली. "त्याच दिशी का म्हून बोललात?"

सरूबाईनं वाकून मोळीचं एक टोक धरलं. मनकर्णानं मोळी उचलली आणि टँकरची वेळ झाली म्हणून पुढं चालू लागली.