पाणसळ

माशांच्या टाकीची काच कडकन वाजली आणि पाणी फरशीवर उतरलं, तेव्हा फरशीवाल्यांची बायको टाकीकडे फिरकलीच नाही. तिनं जुनी चादर उचलली आणि थेट खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, कपाटापाशी नेऊन पसरली. पाणी अजून निम्म्या वाटेवरही नव्हतं.

फरशीवाले दोन्ही तळव्यांनी तडा दाबून उभे होते.

"अगं, मासे इकडे आहेत."

"बादली तुमच्या पायाशीच आहे. पाणी इकडेच येणार."

आणि आलं. सोफ्याला वळसा घालून, कुणाला पत्ता न विचारता, बरोबर चादरीवर येऊन टेकलं.

मासे बादलीत गेले, नऊच्या नऊ. मग फरशीवाले कमरेवर हात ठेवून त्या ओल्या वाटेकडे बघत राहिले. 'गोटी ठेवाल तिथे राहील' हे गिऱ्हाइकाला ऐकवायचं त्यांचं ठरलेलं वाक्य. या खोलीची फरशी तर त्यांच्या हातची पहिली, लग्नाच्या वर्षी बसवलेली. आल्यागेल्याला ते ती चपला काढायला लावून दाखवत.

काचवाला आला. त्यानं तड्यावरून बोट फिरवलं.

"काका, स्टँडच्या पायाखाली काही होतं का? काच पिळली गेलीय."

"माझ्या फरशीवर पायाखाली काही लागत नाही," फरशीवाले म्हणाले, आणि त्यांचं तोंड जरा उघडंच राहिलं. सकाळी टाकी रिकामी करून धुताना स्टँडखालून घडी घातलेलं कसलंसं कार्ड निघालं होतं. कचरा म्हणून त्यांनीच डब्यात टाकलं होतं.

काचवाला टाकी घेऊन गेल्यावर त्यांनी माळ्यावरून पाणसळ काढली आणि फरशी पुसून तिच्यावर ठेवली. नळीतला बुडबुडा टाकीच्या, म्हणजे चढाच्या, बाजूला सरकला. त्यांनी पाणसळ फिरवून उलट्या तोंडानं ठेवली. बुडबुडा पुन्हा टाकीच्याच बाजूला. म्हणजे पाणसळ खोटी नव्हती.

मग ते पोटावर आडवे झाले. कपाटाखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, सरपटत टेबलाखाली गेले. कोपऱ्याकडच्या प्रत्येक पायाखाली घडी होती. कुठे दोन पदरी, कुठे तीन. सगळी त्यांच्याच धंद्याची जुनी कार्डं. एकावर अजून वाचता येत होतं: 'काम एकदम लेव्हलमध्ये'.

"उठा आता," चादर पिळता पिळता बायको म्हणाली. "कंबर धरेल, मग मलाच चोळायला लावाल."

ते उठले. केराच्या डब्यातून सकाळचं कार्ड शोधून काढलं आणि टेबलावर ठेवून अंगठ्यानं सपाट करत बसले. बादलीत एक मासा वर येऊन परत खाली गेला.

"टाकी उद्या येईल," ते म्हणाले.

"येऊ दे."

"याच्या किती घड्या होत्या?"

तिनं चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली.

"चार," ती म्हणाली. "आणि नव्या कार्डांतलं घेऊ नका. त्यांच्यात दम नाही."